मार्थाबाईंचं गाऱ्हाणं

मार्थाबाई सोनवणे देवाशी अहिराणीत बोलत. शाळेत दुसरीच्या वर्गाला त्या पुस्तकातल्यासारखं मराठी शिकवायच्या, 'शे' म्हणणाऱ्या पोराला 'आहे' म्हणायला लावायच्या. पण सकाळी चुलीवर चहाचं आधण ठेवून त्या पाटावर बसल्या की भाषा बदलायची, आवाजही बदलायचा. सासरी नांदणाऱ्या पोरीने माहेरून आलेल्या भावाला बसवून घ्यावं आणि घरातलं एकेक सांगावं, तसा तो आवाज असायचा.

साक्री तालुक्यातल्या पांझरेकाठच्या त्या गावात मी चौऱ्याऐंशी साली शिक्षिका म्हणून रुजू झाले. मी रावेरकडची, केळीच्या बागांतून आलेली. इकडची कोरडवाहू बाजरी, उघडे डोंगर आणि इकडची बोली, सगळंच मला नवं होतं. मार्थाबाईंच्या घराचा अर्धा भाग मी भाड्याने घेतला. मध्ये कुडाची भिंत होती. पहिल्या सकाळी मला वाटलं, पलीकडे कोणी पाहुणा आलाय. शाळेत जाता जाता मी विचारलं, "बाई, सकाळी कोण आलं होतं?"

"कोणी नाही. देवाशी बोलत होते."

"प्रार्थना म्हणजे?"

"तेच ते. तुम्ही प्रार्थना म्हणा."

त्यांना मंडळीत उभं राहून डोळे मिटून मोठमोठे शब्द वापरणारी माणसं आवडत नसत. म्हणायच्या, "आपण चांगल्या मराठीत बोललो की त्याला वाटतं, ही आज काहीतरी लपवतेय." त्यांच्या बोलण्यात सगळं यायचं. गुडघा दुखतो, विस्तार अधिकारी तपासणीला येणार आहेत, शेजारच्या बाईंची कोंबडी पुन्हा माझ्या तुळईवर बसली. देवाला माहीत नाही का हे, असं मी एकदा म्हटलं. त्या म्हणाल्या, "माझ्या माणसालाही माहीत असतं, भाकरी झाली म्हणून. तरी मी हाक मारतेच ना?" आणि उत्तर येतं यावर त्यांचा इतका भरवसा होता की त्याबद्दल त्या बोलायच्याही नाहीत. पत्र टाकलं की पोचतं, एवढी साधी गोष्ट होती ती त्यांच्या लेखी.

त्यांचा माणूस म्हणजे शमुवेलभाऊ. एसटीच्या थांब्याजवळ त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. काळा, उंच, कमी बोलणारा माणूस. रविवारी गावातली आठ-दहा ख्रिस्ती घरं एका खोलीत जमायची, तिथे ते पेटी वाजवायचे. मार्थाबाईंचं आणि त्यांचं भांडण झालं तर दोघंही देवाकडे एकमेकांचं गाऱ्हाणं सांगायचे, ते एकमेकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मला भिंतीपलीकडे हसू आवरायचं नाही.

पुढच्या वर्षी वैशाखात, दुकानात पंक्चर काढता काढता शमुवेलभाऊ खाली बसले ते उठलेच नाहीत.

नाल्याच्या कडेला ख्रिस्ती लोकांची दफनाची एक पट्टी होती. फार पूर्वीपासूनची. पाच-सहा कबरी, त्यांवर दगड रचलेले, एक कडुलिंबाचं झाड. त्या पट्टीला लागून धनराजनानांचं शेत होतं. धनराजनाना म्हणजे गावातला मोठा माणूस, दोनदा सरपंच झालेला. ट्रॅक्टर होता, मळणीयंत्र होतं, आणि ते ठेवायला नव्या शेडसाठी त्यांना ती पट्टी हवी होती. आदल्या वर्षापासून तिथे काट्यांचं कुंपण पडलं होतं. ख्रिस्ती माणसं विनंत्या करून आली होती, पण तेव्हा कोणी मेलं नव्हतं, म्हणून गोष्ट तशीच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा खणायला पोरं गेली तर कुंपणाच्या तोंडाशी नाना बाजेवर बसलेले. त्यांची चार माणसं उभी.

"आठे मढं गाडानं नही," कुंपणाच्या आत बोट दाखवून ते म्हणाले. "जागा मन्ही शे."

लोकांनी हात जोडले. तलाठी आला आणि नानांच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. पोलीसपाटील घरात नाही म्हणून त्यांच्या बायकोने दारातूनच सांगितलं. लोकांना वाटत होतं, आत्ता ऐकतील, मग ऐकतील, म्हणून तिरडी तिथेच रस्त्यावर ठेवलेली. लिंबाची सावली कुंपणाच्या आत पडत होती, बाहेर नाही. कोणीतरी छत्री धरली. दुपारी खानदेशातला वैशाख म्हणजे काय ते तिथल्या माणसालाच कळेल. मार्थाबाई नानांच्या पायाशी गेल्या. मी पाहिलं आहे ते. त्या वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. नानांनी पाय बाजेवर ओढून घेतले आणि पानाचा डबा उघडला.

ऊन उतरल्यावर धुळ्याच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी टेम्पो पाठवला. धुळ्याच्या कब्रस्तानात शमुवेलभाऊंना पुरलं. तोवर देह फुगला होता, वास सुटला होता. शवपेटी बंद करून खिळे ठोकले होते. मार्थाबाई म्हणाल्या, एकदा तोंड पाहू द्या. जाणत्या माणसांनी त्यांना धरून मागे नेलं. "नका पाहू, बाई. आता ते तोंड राहिलं नाही."

चौथ्या की पाचव्या दिवशी भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला. चहाचं आधण, पाट, आणि तीच बोली. गुडघ्याबद्दल काही नव्हतं. "ऐकी ऱ्हायना ना?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी धनराजनानांचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, जसं हजेरीत घेतात तसं. "त्याले इसरू नको. मी बी इसरस नही. त्यानं घर, त्यानं शेत, त्यानं झोप. बठ्ठं देख आणि त्याले दे, जे त्यानी माले दिधं."

हे मग रोज चाललं. पाऊस असो, सुट्टी असो, ताप असो. आवाज कधी चढला नाही. आधी माझ्या अंगावर काटा यायचा, नंतर सवय झाली. एखाद्या दिवशी नाव ऐकू आलं नाही तर मीच कान देऊन थांबायचे.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ख्रिस्ती मंडळींत कुजबुज सुरू झाली, कारण रविवारी दुसरी एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. प्रभूची प्रार्थना सगळे एका सुरात म्हणायचे. त्यात इतरांना क्षमा करण्याची जी ओळ येते, तिथे मार्थाबाई तोंड बंद करायच्या. ओळ सरली की पुन्हा आवाज मिसळायचा. पाळकसाहेब धुळ्याहून महिन्यातून एकदा यायचे. सालस माणूस, पोटाचा आजार असलेले. ते मार्थाबाईंकडे जेवायला आले तेव्हा मी वाढायला होते. मार्थाबाईंनी त्यांच्यासाठी मऊ खिचडी केली होती.

"मार्थाबाई, ती ओळ आपल्या तारणाऱ्या प्रभूने स्वतः शिकवलीये," पाळकसाहेब म्हणाले.

"माहीत आहे, साहेब. मीच पोरांना पाठ करून घेते."

"मग म्हणत का नाही?"

"कारण तो ऐकत असतो. मी क्षमा केलेली नाही. तोंडाने केली म्हणून त्याला सांगू? तुम्हाला खोटं सांगितलं तर तुमच्या लक्षात येणार नाही. त्याच्या येईल."

"पण रोज शाप मागणं..."

"मी शाप देत नाही. देता येत असता तर त्याला कशाला सांगितलं असतं? मी स्वतः विळा घेऊन गेले असते." त्यांनी साहेबांच्या ताटात तूप वाढलं. "हात माझे बांधलेत त्यानेच. मग बोलायचं तरी त्याच्याशीच."

पाळकसाहेबांनी खिचडीत तूप कालवलं. मग म्हणाले, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो."

"करा. माझ्यासाठी करा. धनराजसाठी करू नका."

दोन वर्षांनी नानांच्या वाईटाला सुरुवात झाली. बैलजोडीतला एक बैल विहिरीत पडला. निवडणुकीत धाकट्या चुलतभावाने त्यांना पाडलं. मग एका चैत्रात मळणीयंत्राच्या शेडला आग लागली. त्याच पट्टीवर उभं केलेलं शेड. ठिणगी कुठून आली कोणाला कळलं नाही. भर दुपारी आम्ही शाळेच्या ओसरीवरून तो धूर पाहिला. पोरं ओरडत पळाली. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. मार्थाबाईंनी हातावरचा खडू झटकला आणि पोरांना परत आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "देखं मी. पण ते लाकूड आणि लोखंड शे."

आता गावाला खात्री पटली. नानांच्या घरची माणसं मार्थाबाईंना रस्त्यात पाहिलं की बाजूला व्हायची. दुसरीच माणसं मागच्या दाराने यायला लागली. एक बाई सवतीची तक्रार घेऊन आली. एक जण बांधाच्या भांडणासाठी नारळ घेऊन आला. "अक्का, तुम्हनं देव ऐकस," तो म्हणाला. "मन्हा भाऊनं नाव बी सांगा ना."

"तुला तोंड नाही का?" मार्थाबाई म्हणाल्या. "स्वतः सांग. आणि आधी तुझा बांध नीट मोजून ये. तो तुझीही बाजू विचारतो." नारळ त्यांनी परत दिला.

मला वाटायचं, या बाईंना आता हे आवडायला लागलंय. लोकांची भीती चढते माणसाच्या डोक्यात. पण मग सुनंदाचं दुखणं आलं.

सुनंदा म्हणजे नानांच्या थोरल्या मुलाची मुलगी. दुसरीत, मार्थाबाईंच्याच वर्गात. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, पाढे म्हणताना पाय हलवायची. मार्थाबाईंनी तिला कधी कमी-जास्त केलं नाही. तिच्या चुका तशाच लाल शाईने दाखवल्या आणि तिला इतरांसारखाच बोराचा वाटा दिला. भाद्रपदात तिला ताप भरला, मान ताठ झाली, डोळे फिरले. मेंदूत ताप गेला म्हणाले. तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, वाट पाहा.

मधल्या सुट्टीत धनराजनाना शाळेत आले. डोक्यावर टोपी नव्हती. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ओसरीच्या पायरीखालीच थांबले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हीन काय सांगं देवले?"

मार्थाबाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली.

"मन्ही नात शे ती. तिनी तुम्हनं काय बिघाडं? देवले सांगा, पोरले सोडी दे. माले काय करानं ते करू दे."

मार्थाबाईंचा चेहरा पांढरा पडला. नानांच्या बोलण्याने नव्हे, हे मला जवळून दिसत होतं. त्या उठल्या, पायऱ्या उतरल्या, नानांच्या बाजूने गेल्या आणि भर उन्हात चपला न घालता घराकडे चालू लागल्या. मी वर्ग सोडून मागे गेले. नानाही आले आणि अंगणात उभे राहिले.

मार्थाबाईंनी दार लावलंही नाही. पाटावर बसल्या नाहीत, उभ्याच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला.

"मी नाव कोनं सांगं? धनराजनं सांगं. रोज सांगं, बापना नावसकट सांगं. पोरनं सांगं का? कव्हय सांगं का? तुले नीट ऐकू येत नही का? तिले हात लावू नको. त्यानं त्यालेच दे. हाई पोर मन्हा वर्गमान शे."

मग त्या खाली बसल्या आणि भिंतीला टेकून रडल्या. शमुवेलभाऊंच्या वेळी त्या रडल्या होत्या की नाही, मला आठवत नाही. नाना अंगणात तसेच उभे होते. "त्याले सांगं का तुम्हीन?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं," मार्थाबाई आतूनच मराठीत म्हणाल्या. "पोरीचं सांगितलं. तुमचं जसंच्या तसं आहे."

सुनंदा वाचली. दिवाळीनंतर शाळेत आली तेव्हा डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मार्थाबाईंनी तिला पहिल्या रांगेत उजव्या अंगाला बसवलं आणि शिकवताना त्या कायम त्याच बाजूला उभ्या राहू लागल्या. त्या कानाबद्दल त्यांनी देवाला काय विचारलं ते मला कळलं नाही. तेवढं त्या हळू आवाजात बोलायच्या.

त्या हिवाळ्यात नानांनी पट्टीवरचं कुंपण काढलं. जळक्या शेडचे खांब उपटून नेले, कबरींवरचे दगडसुद्धा माणसं लावून रचून दिले. मग एका संध्याकाळी दारात आले. मार्थाबाई तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या शेजारी होते.

"जागा मोकळी करी दिधी," नाना म्हणाले.

"पाहिली."

"आते मन्हं नाव बंद करा."

मार्थाबाईंनी सूप खाली ठेवलं. "नाना, जागा आमचीच होती. ती तुम्ही सोडलीत, चांगलं केलंत. माझा माणूस तुम्ही दिवसभर रस्त्यावर ठेवला. मी तुमच्या पायाशी आले तेव्हा तुम्ही पान लावत होता. त्याचं तोंड मला पाहायला मिळालं नाही. ते कुठून मोकळं करून देणार?"

"मी भ्यायलो शे, बाई."

"ते दिसतंय. पण भिणं वेगळं. चुकलं, असं तुम्ही अजून म्हणाला नाहीत."

नानांनी चौकटीला हात टेकला. मी मनात म्हणत होते, म्हणा, एक शब्द आहे, म्हणून टाका. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग ते अंगणात खाकरून थुंकले आणि निघून गेले. मार्थाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. दुसऱ्या सकाळी नाव होतंच.

त्यानंतर बरीच वर्षं काही झालं नाही. गाव विसरत गेलं. नानांचं पीक चांगलं यायला लागलं, मुलाने नवा ट्रॅक्टर घेतला, सुनंदा हायस्कुलात गेली. मार्थाबाईंचे केस पिकले. नाताळात त्या गावभर करंज्या वाटायच्या, नानांचं घर सोडून. सुनंदा मात्र स्वतःच येऊन पदराखाली करंज्या घेऊन जायची आणि मार्थाबाई तिच्या उजव्या बाजूला उभं राहून तिला सांगायच्या, "आजोबाला देऊ नको."

एका माघात, रात्री जेवून झोपलेले नाना सकाळी उठले नाहीत. दुखणं नाही, औषध नाही, कोणाला हाक नाही. सत्तरी ओलांडलेली होती. अंत्ययात्रेला वाजंत्री होते. गुलाल, फुलं, आजूबाजूच्या गावांतली माणसं. शाळेच्या कोपऱ्यावरून मिरवणूक गेली तेव्हा आम्ही सगळे शिक्षक फाटकाशी उभे होतो. नानांचं तोंड उघडं ठेवलेलं होतं. बाया वाकून वाकून दर्शन घेत होत्या. चेहरा शांत होता, दाढी केलेली.

मार्थाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मिरवणूक वळेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"झोपेत," त्या म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे चहाचं आधण उकळल्याचा आवाज आला, कपबशी वाजली. बोलणं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, संपलं. माणूस गेला, वैर गेलं. आठवडाभराने मी विचारलं, "बाई, आजकाल सकाळी आवाज येत नाही?"

"बोलणं बंद आहे," त्या म्हणाल्या. शेजाऱ्याशी बिनसल्यावर म्हणतात तसं.

"देवाशी?"

"एवढी वर्षं मी एकच मागितलं. दुसरं काही मागितलं नाही, पोर-बाळ नाही, बढती नाही. आणि त्याने धनराजला झोपेत नेलं. शमुवेल मातीत बसून तेलकट हातांनी गेला. याला गादीवर." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "माझं पोचत नव्हतं असं असतं तर मी गप्प बसले असते. पोचत होतं. पोरीच्या वेळी पोचलं ना? म्हणजे ऐकून केलंय त्याने हे."

रविवारी त्या जायच्या, पण पूर्ण प्रार्थनाभर तोंड बंद. पाळकसाहेब आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही त्याच्यावर रागावलात, हेही त्याला सांगा." त्या म्हणाल्या, "त्याला कळतंय. रोज मी उठते आणि बोलत नाही, ते काय त्याला दिसत नाही?"

तशातच माझी बदली माझ्या जिल्ह्यात, रावेर तालुक्यात झाली. मी निघाले तेव्हा त्या एसटीपर्यंत आल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या. घर मुकं झालं होतं. मला ते सोडून जाताना त्या बोलीची फार आठवण येत होती.

पुढच्या वर्षी एका लग्नासाठी साक्रीला गेले होते. परतीच्या दिवशी सकाळची गाडी पकडून मी गावात उतरले. दुपारच्या एसटीने निघायचं होतं. मार्थाबाई त्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या. माझ्या अर्ध्या भागात आता कोणी राहत नव्हतं, तिथे गोवऱ्या रचल्या होत्या. त्यांचं दार लोटलेलं होतं. मी कडीला हात लावणार, तेवढ्यात आतून आवाज आला आणि मी थांबले. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

फटीतून दिसत होतं. त्या पाटावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या, पदर खांद्यावरून घसरलेला. मान जरा वर, समोर कोणी उंच माणूस बसलेला असावा तशी.

"आते तो तुन्हाकडे शे," त्या म्हणत होत्या. आवाज जुनाच, न चढलेला. "माले उशिरा समजनं. तू त्याले सुखमा नही नेलं, तू त्याले तुन्हा समोर नेलं. आते तलाठी नही, बाज नही, चार माणसं नही. आते त्याले इचार. मन्हा माणूसले उनमा का बरं ठेवं? त्यानं तोंड माले का बरं देखू दिधं नही? तू इचार आणि त्याले बोलू दे."

मग त्या थांबल्या. चुलीवर आधण उकळत होतं. त्यांनी हात लांब करून लाकूड मागे ओढलं, म्हणजे आवाज होणार नाही.

"तो काय सांगस, ते माले सांग," त्या म्हणाल्या. "मी आठेच बठेल शे."

मी दार ढकललं नाही. पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसले. ऊन अंगणभर पसरलं. रस्त्यावरून दुपारची एसटी थांब्याला येऊन लागल्याचा आणि थोड्या वेळाने निघून गेल्याचा आवाज आला. आत अजून शांतता होती.